जकार्ताचा पूर आणि देशोदेशींचे साह्य : एकात्मिक जलव्यवस्थापनाचा एक पाठ

प्रस्तावना

किनाऱ्यावरील एखादे मोठे शहर पाण्याखाली गेले की दोन कारणे तात्काळ पुढे केली जातात. पहिले, पाऊस फार झाला. दुसरे, समुद्राची पातळी वाढत आहे. ही दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती पुरेशी नाहीत. पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास पाणी कसे तुंबते, हे मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या अनुभवावरून मराठी वाचकाला ठाऊक आहे. इंडोनेशियातील जकार्ता शहराचा प्रश्न त्याहून एक पाऊल पुढचा आहे. तेथे शहराखालची जमीनच खचत आहे, आणि ती खचण्यामागे शहराच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आहे.

या शहराला वाचविण्यासाठी नेदरलँड्स, जपान आणि दक्षिण कोरिया हे तीन देश व जागतिक बँक अनेक वर्षे साह्य करीत आली आहेत. पैसा आला, तज्ज्ञ आले, आराखडे झाले, यंत्रे बसली. तरीही प्रश्न सुटला नाही. असे का झाले, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘एकात्मिक जलव्यवस्थापन’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून वारंवार येतो. पाऊस, नदी, भूजल, नळाचे पाणी, सांडपाणी आणि समुद्र हे सर्व एकाच चक्राचे भाग मानून त्यांचे नियोजन एकत्र करणे, असा त्याचा अर्थ. जकार्ताच्या उदाहरणावरून तो विद्यार्थ्यांना चांगला स्पष्ट करता येतो.

शहराची जडणघडण

जावा बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, दक्षिणेकडील डोंगरांतून वाहत आलेल्या नद्यांच्या गाळाने बनलेल्या सपाट मैदानावर जकार्ता वसले आहे. शहरातून तेरा नद्या वाहतात. त्यांतील चिलिवुंग ही प्रमुख नदी बोगोरच्या वरच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि जकार्ताच्या उपसागराला मिळते. डोंगरात पडलेला पाऊस काही तासांत शहरात येऊन पोहोचतो. डोंगरउतारावरील वने व चहाचे मळे कमी होऊन तेथे बंगले व वसाहती झाल्या, तसतसे हे पाणी अधिक वेगाने खाली येऊ लागले.

१५२७ मध्ये या बंदराला जयकर्त हे नाव मिळाले. १६१९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने ते उद्ध्वस्त करून तेथे बटाव्हिया हे नगर वसविले आणि आपल्या देशातील शहरांप्रमाणे त्यात कालवे खोदले. हॉलंडमध्ये संथ वाहणारे कालवे उष्ण कटिबंधातील पावसाच्या प्रदेशात गाळाने भरले व रोगराईचे कारण ठरले. दुसऱ्या भूमीत यशस्वी ठरलेली योजना जशीच्या तशी उचलून आणण्याचा हा या शहरातील पहिला प्रयोग म्हणता येईल.

१९१८ च्या मोठ्या पुराच्या सुमारास हर्मन व्हॅन ब्रीन या डच अभियंत्याच्या आराखड्यानुसार पश्चिम पूरकालव्याचे काम झाले. नदीचे पाणी मांगराई येथे अडवून शहराच्या मध्यभागाला वळसा घालून समुद्रात सोडणे, ही त्यामागील कल्पना. स्वातंत्र्यानंतर, १९७३ मध्ये, डच सल्लागारांच्याच मदतीने नवा आराखडा तयार झाला व त्यात पूर्वेकडील दुसरा कालवा सुचविण्यात आला. त्याचे काम सुरू होण्यास २००३ साल उजाडले आणि सुमारे २३ किलोमीटर लांबीचा हा कालवा २००९ च्या अखेरीस समुद्रापर्यंत पोहोचला. आराखडा आणि अंमलबजावणी यांत छत्तीस वर्षांचे अंतर पडले. या काळात शहर मात्र थांबले नव्हते. मोकळ्या जागा, तळी व खारफुटीची जंगले यांवर वस्ती, कारखाने आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या.

जमीन का खचते ?

फेब्रुवारी २००७ मध्ये शहराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला व तीन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगळाच पूर आला. या वेळी नद्यांना महापूर नव्हता. उधाणाच्या भरतीने उत्तर जकार्तातील मुआरा बारू भागाची समुद्राकडील भिंत ओलांडली आणि पाणी वस्तीत शिरले. पहिल्या पुराचे पाणी डोंगरावरून आले होते, दुसऱ्याचे समुद्रातून. या दुसऱ्या पुराने अभियंत्यांचे लक्ष एका जुन्या, परंतु दुर्लक्षित प्रश्नाकडे वेधले.

बांडुंग येथील तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अनेक वर्षे केलेल्या मोजणीनुसार जकार्ताची जमीन ठिकठिकाणी वर्षाला १ ते १५ सेंटिमीटर या वेगाने खचत आली आहे. काही जागी हा वेग त्याहूनही जास्त आढळला. मुआरा बारू परिसरात १९७४ ते २०१० या काळात जमीन सुमारे चार मीटर खाली गेली. याच्या तुलनेत जगभरातील समुद्रपातळीची सरासरी वाढ वर्षाला तीन ते चार मिलिमीटर आहे. म्हणजे एक आकडा सेंटिमीटरमध्ये व दुसरा मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. शहराचा सुमारे ४० टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे, असे सांगितले जाते.

जमीन खचण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. गाळाची कोवळी जमीन स्वतःच्या भाराने दबते. उंच इमारतींचा भार त्यात भर घालतो. तथापि सर्वांत मोठे आणि माणसाच्या हाती असलेले कारण म्हणजे भूजलाचा उपसा. जमिनीखाली वाळूचे व चिकणमातीचे थर एकाआड एक असतात. वाळूच्या थरातील पाणी खोल कूपनलिकांनी उपसले की तेथील पाण्याचा दाब कमी होतो. मग शेजारच्या चिकणमातीतील पाणी हळूहळू निघून वाळूत येते, मातीचे कण एकमेकांवर बसतात आणि थराची जाडी घटते. पुढे पाणी पुन्हा भरले तरी चिकणमातीचा थर पूर्वीइतका फुगत नाही. उपसा थांबविला तर खचणे थांबते. गेलेली उंची मात्र परत मिळत नाही.

लोक भूजल का उपसतात, याचे उत्तर नळात आहे. जकार्ताच्या नळयोजनेचे बहुतांश पाणी दूरच्या जातिलुहूर जलाशयातून कालव्याने येते. शहरातील नद्या इतक्या दूषित आहेत की त्यांचे पाणी शुद्ध करणे अवघड व महाग पडते. १९९८ पासून पाणीपुरवठ्याचे काम फ्रेंच व ब्रिटिश कंपन्यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या दोन खाजगी कंपन्यांकडे पंचवीस वर्षांच्या कराराने देण्यात आले. करार जानेवारी २०२३ अखेर संपला, त्या सुमारास शहरातील तीन घरांपैकी साधारण दोन घरांपर्यंतच नळ पोहोचला होता. ज्यांच्याकडे नळ नाही किंवा नळाला पुरेसे पाणी नाही, त्यांनी जमिनीत भोक पाडले. घरोघरच्या उथळ विहिरींपेक्षा हॉटेले, कारखाने, मॉल व उंच इमारतींच्या खोल कूपनलिकांचा परिणाम अधिक गंभीर होता. गरीब वस्त्यांत जेथे विहिरीचे पाणी खारट झाले, तेथे लोक हातगाडीवरून डबे विकणाऱ्याकडून नळाच्या दराच्या कितीतरी पट भावाने पाणी घेऊ लागले.

कोणाचे कोणते साह्य ?

प्रत्येक साह्यकर्त्याने आपल्याला जे उत्तम येते ते दिले, असे दिसते.

नेदरलँड्सच्या भूमीचा मोठा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. बंधारे बांधून आतले पाणी पंपाने बाहेर फेकण्याचे शास्त्र त्या देशाने शतकानुशतके जोपासले आहे. अशा बंदिस्त प्रदेशाला ‘पोल्डर’ म्हणतात. नोव्हेंबर २००७ नंतर डच साह्याने जकार्ताच्या किनारा-संरक्षणाचा अभ्यास सुरू झाला व त्यातून २०१४ मध्ये राजधानीच्या किनारी विकासाचा बृहद् आराखडा पुढे आला.

जागतिक बँकेने गाळ उपसण्यासाठी कर्ज दिले. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या या कर्जातून कालवे, नद्यांचे पात्र व धारण-तलाव यांतील गाळ काढण्याचे काम झाले. वर्षानुवर्षे साफ न झालेल्या कालव्यांची वाहनक्षमता वाढविणे हा कमी खर्चाचा आणि लवकर फळ देणारा उपाय होता.

जपानने पंप दिले आणि अनुभवही दिला. जानेवारी २०१३ च्या पुरात प्लुइट तलावावरील पंपगृहच पाण्यात बुडाले. जेथून पाणी बाहेर फेकायचे तीच जागा बुडाल्यावर उत्तर जकार्ता असहाय झाले. जपानच्या अनुदानातून तेथील पूर्वेकडील पंपगृह नव्याने उभारण्यात आले. त्याहून मोलाचे साह्य म्हणजे २०१८ पासून जमीन खचण्याच्या मोजणीबाबत व उपायांबाबत मिळालेले मार्गदर्शन. टोकियोचा पूर्व भाग विसाव्या शतकात असाच खचला होता. काही ठिकाणी ही खोली चार मीटरहून अधिक भरली. जपानने १९५६ मध्ये औद्योगिक वापराच्या व १९६२ मध्ये इमारतींसाठीच्या भूजल उपशावर कायद्याने बंधने आणली. १९६० च्या दशकात तोने नदीचे पाणी टोकियोकडे वळविण्यात आले. १९७० च्या दशकात जमीन खचणे जवळजवळ थांबले. यात कायदा व पर्यायी पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाणी न देता केवळ बंदी घातली असती, तर ती टिकली नसती.

दक्षिण कोरिया २०१६ पासून किनाऱ्याच्या आराखड्यात सहभागी झाला. सेमानगुम येथे ३३ किलोमीटरहून लांब समुद्रभिंत बांधण्याचा अनुभव त्या देशाच्या गाठीशी होता. बांतेन प्रांतातील कारियान धरणाच्या उभारणीतही कोरियन सहकार्य होते. जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या या धरणाचे पाणी बांतेनबरोबरच जकार्तालाही मिळावे, अशी योजना आहे.

महाभिंतीचा वाद

२०१४ च्या आराखड्यातील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे उपसागराचे तोंड बंद करणारी महाकाय भिंत. तिच्या सोबत समुद्रात भराव घालून गरुडाच्या आकाराचे नवे नगर वसविण्याची कल्पना होती. गरुड हे इंडोनेशियाचे राष्ट्रचिन्ह आहे. एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ४० अब्ज डॉलर सांगितला गेला व नव्या भूमीच्या विक्रीतून तो बराचसा भरून काढावा, असे ठरले.

या योजनेवर तीन प्रमुख आक्षेप घेण्यात आले. पहिला आक्षेप पाण्याच्या गुणवत्तेचा. उपसागर बंद केला की तेरा नद्यांचे पाणी समुद्रात न जाता आतील तलावात साठेल. शहरातील फार थोड्या घरांचे सांडपाणी मलवाहिन्यांतून शुद्धीकरणाला जाते. उरलेले या ना त्या मार्गाने नद्यांतच पोहोचते. अशा स्थितीत हा तलाव म्हणजे एक प्रचंड सांडपाण्याची टाकी होण्याचा धोका होता. दुसरा आक्षेप मच्छीमारांचा. किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांच्या नौका व शिंपल्यांची शेती यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर आराखड्यात नव्हते. २०१७ मध्ये नेदरलँड्समधीलच काही स्वयंसेवी संस्थांनी आपल्या सरकारच्या या भूमिकेवर टीका करणारा अहवाल प्रसिद्ध केला. तिसरा आक्षेप मूळ कारणाचा. जमीन खचतच राहिली तर भिंतही खचेल आणि पंपांचा भार दरवर्षी वाढेल. मग भिंत बांधून पदरात पडतात ती केवळ काही वर्षे.

पुढे गरुडाकृती नगराची कल्पना मागे पडली. २०१८ मध्ये जकार्ताच्या गव्हर्नरांनी उपसागरातील नियोजित सतरा कृत्रिम बेटांपैकी तेरांचे परवाने रद्द केले. अस्तित्वात असलेल्या किनारी व नदीकाठच्या भिंती उंच आणि भक्कम करणे, हा आराखड्याचा पहिला टप्पा मात्र चालू राहिला. २०२२ मध्ये राजधानी बोर्निओ बेटावरील नुसांतारा येथे हलविण्याचा कायदा झाला. राजधानी हलली तरी जकार्तातील एक कोटीहून अधिक रहिवासी तेथेच राहणार आहेत. २०२५ मध्ये जावाच्या संपूर्ण उत्तर किनाऱ्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि महाभिंतीची चर्चा अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाली.

विस्थापितांचा प्रश्न

पूरनियंत्रणाचा लाभ सर्व शहराला होतो. त्याची किंमत मात्र काहींनाच मोजावी लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये चिलिवुंगचे पात्र रुंद करण्यासाठी नदीकाठची काम्पुंग पुलो ही जुनी वस्ती हटविण्यात आली. रहिवाशांना जवळच्या भाड्याच्या सदनिकांत पाठविण्यात आले. ज्यांचे दुकान, कारागिरी वा खानावळ घराच्या ओट्यावरच चालत होती, त्यांचा चरितार्थ सदनिकेत गेल्यावर कठीण झाला. एप्रिल २०१६ मध्ये लुआर बातांगच्या ऐतिहासिक मशिदीजवळची काम्पुंग अकुआरियुम ही वस्ती पाडण्यात आली. तेथील अनेक कुटुंबे ढिगाऱ्यावरच तंबू ठोकून राहिली, न्यायालयात गेली आणि वास्तुविशारद व कार्यकर्त्यांच्या साह्याने आपल्या वस्तीचा आराखडा स्वतः तयार करू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच जागी त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले.

नदीच्या पात्रात घर असणे धोक्याचे आहे, हे खरेच. परंतु खोल कूपनलिका खोदून जमीन खचविणारी उंच इमारत आपल्या जागी उभी राहते आणि काठावरची झोपडी प्रथम हटते, तेव्हा पूरनियंत्रण हा न्यायाचाही प्रश्न होतो. मुआरा बारू येथे वल अधुना नावाची एक मशीद समुद्रभिंतीच्या पलीकडे पाण्यात उभी आहे. काही दशकांपूर्वी तेथे कामगार नमाज अदा करीत. आता तिच्या भिंतींवर शेवाळ आहे आणि आत लाटा येतात. जमीन खचण्याचा अर्थ त्या एका इमारतीवरून समजतो.

नळ, विहीर आणि भिंत यांची सांगड

अलीकडच्या काळात उपायांचा क्रम बदलू लागला आहे. डोंगराळ भागात चियावी व सुकामाही ही दोन ‘कोरडी धरणे’ डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली. ही धरणे एरवी रिकामी असतात. मुसळधार पावसात पाणी काही काळ अडवून ते हळूहळू सोडतात. ही धरणे जकार्ताच्या हद्दीत नसून पश्चिम जावा प्रांतात आहेत. नदी प्रांतांच्या सीमा पाळत नाही, म्हणून तिचे नियोजन खोऱ्यानुसार करावे लागते, हा धडा येथे दिसतो.

भूजलाबाबत जकार्ता प्रशासनाने २०२१ मध्ये नियम केला व १ ऑगस्ट २०२३ पासून तो अमलात आणला. त्यानुसार ठरावीक विभागांत ५,००० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या किंवा आठ अथवा अधिक मजल्यांच्या इमारतींना भूजल उपसण्यास मनाई आहे. खाजगी करार संपल्यानंतर पाणीपुरवठा पुन्हा महानगराच्या मालकीच्या कंपनीकडे आला असून २०३० पर्यंत प्रत्येक घरी नळ देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. जपानी कर्जातून मलवाहिन्यांची कामेही हाती घेण्यात आली. काही भागांत जमीन खचण्याचा वेग पूर्वीपेक्षा मंदावल्याचे मोजणीत आढळले आहे. तरीही ती सर्वत्र थांबलेली नाही.

या सर्व कामांचा परस्परसंबंध साधा आहे. नद्या स्वच्छ झाल्या तर त्यांचे पाणी नळाला देता येईल. नळाला पाणी आले तर विहीर बंद करण्याचा आग्रह धरता येईल. विहिरी बंद झाल्या तर जमीन स्थिर होईल, आणि जमीन स्थिर झाली तरच भिंतीची उंची कायमची ठरविता येईल. ही साखळी उलट्या टोकाने, म्हणजे भिंतीपासून, धरली तर प्रत्येक पिढीला नवी भिंत बांधावी लागते.

समारोप

जकार्ताला साह्य करणाऱ्या देशांचे ज्ञान उणे नव्हते. डच बंधारे भक्कम असतात, जपानी पंप चालतात, कोरियन धरण पाणी धरते. उणीव होती ती या सर्वांना एका सूत्रात गुंफण्याची, आणि ते काम बाहेरचा कोणी करू शकत नाही. कर्ज व तंत्रज्ञान परदेशातून मिळू शकते. परंतु एखाद्या मोठ्या हॉटेलची कूपनलिका बंद करण्याचा, शेजारच्या प्रांताशी करार करण्याचा वा गरीब वस्तीत नळ आधी नेण्याचा निर्णय स्थानिक शासनालाच घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, साह्यकर्ता देश आपल्याला जे विकता व शिकविता येते ते प्रथम पुढे करतो. म्हणून साह्य घेणाऱ्याने आपला प्रश्न आधी स्वतः नीट मांडला पाहिजे.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय भूगोल, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना घेता येईल. विद्यार्थ्यांना आपल्या गावाच्या वा शहराच्या पाण्याविषयी चार माहिती गोळा करण्यास सांगावे : नळाचे पाणी कोठून येते, किती घरांत कूपनलिका आहेत व त्यांची खोली दहा वर्षांत किती वाढली, सांडपाणी कोठे जाते, आणि पावसाळ्यात पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते. या चारही प्रश्नांची उत्तरे एका कागदावर आली की ‘एकात्मिक’ या शब्दाची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही.